गाइड डॉगसाठी पिल्लू वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून हे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. गाइड डॉग म्हणजे अंध माणसाला वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा. आमच्या घरात असे कुत्रे तयार करणाऱ्या मॉरिस्टाउनच्या 'द सीइंग आय' या संस्थेची पिल्लं वाढली आहेत, म्हणून उत्तरंही मुख्यतः त्या संस्थेच्या पद्धतीला धरून आहेत. अमेरिकेत अशा इतर संस्था आहेत आणि त्यांचे नियम थोडेफार वेगळे असतात. संस्थेच्या तुमच्या भागातल्या समन्वयकाने सांगितलेलं इथल्याशी जुळलं नाही, तर समन्वयकाचंच ऐका.

१. हे काम नेमकं काय आहे? कुत्र्याला रस्ता दाखवायला आम्ही शिकवायचं का?

नाही, ते शिक्षण पुढे संस्थेतले प्रशिक्षक देतात. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असताना तुमच्याकडे येतं आणि साधारण सव्वा वर्षाचं झालं की परत जातं. मधल्या काळात त्याला माणसांच्या जगात निर्धास्त वावरायला शिकवायचं. जिने, लिफ्ट, सरकते दरवाजे, बर्फ, समोर अचानक उघडलेली छत्री, रडणारं बाळ, कचऱ्याचा ट्रक, हे सगळं त्याच्या ओळखीचं झालं पाहिजे. हार्नेसमधलं (अंध माणसाने धरायचा दांडा असलेल्या, कुत्र्याच्या अंगावरच्या पट्ट्यातलं) काम प्रशिक्षक काही महिन्यांत शिकवतो. भित्र्या कुत्र्याला धीट करणं मात्र त्या काही महिन्यांत सहसा जमत नाही, आणि म्हणूनच घरातल्या या वर्षावर सगळं अवलंबून असतं.

२. ही संस्था किती जुनी आहे?

डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास आणि प्रशिक्षण करत. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्री तयार केली जात होती. त्याबद्दलचा त्यांचा लेख ५ नोव्हेंबर १९२७ रोजी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये छापून आला. तो नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवला गेला आणि त्याने बाईंना पत्र लिहिलं. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला आणि न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर तिच्या भरवशावर गजबजलेला रस्ता ओलांडून दाखवला. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये संस्था स्थापन झाली आणि दोनेक वर्षांत न्यू जर्सीत आली. घराघरांत पिल्लं वाढवायला देण्याची पद्धत १९४२ मध्ये, फोर-एच या मुलांच्या चळवळीच्या मदतीने सुरू झाली.

३. पिल्लू कोणत्या जातीचं मिळतं? जात आणि नाव आम्हाला निवडता येतं का?

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, या दोघांचा संकर, किंवा जर्मन शेफर्ड. पैदास संस्थाच करते, चेस्टर गावातल्या तिच्या केंद्रात. तुमची पसंती विचारात घेतात, पण हमी देत नाहीत. नाव संस्था ठेवते आणि एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. घरात लाडाने काहीही म्हणा, बोलावताना आणि आज्ञा देताना मूळ नावच घ्या.

४. संस्थेकडे एवढी जागा आणि माणसं असताना पिल्लं घरोघरी का देतात?

कारण पिल्लाचं मन तयार होण्याचा काळ फार छोटा असतो. मेन राज्यातल्या बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात भेटलेली माणसं, आवाज आणि जागा पिल्लू आपल्या मानतं, आणि तो काळ सरल्यावर नव्याचा संशय घेऊ लागतं, असं त्यांना दिसलं. कॅलिफोर्नियात सॅन राफेलच्या गाइड डॉग संस्थेतही क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांना हाच अनुभव आला. बाराव्या आठवड्यानंतर घर न मिळता केनेलमध्ये (संस्थेच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात) थांबलेली पिल्लं पुढे कामाला कमी उतरली. स्वयंपाकघर, धुण्याचं मशीन, शाळेतून धावत येणारी मुलं हे सगळं केनेलमध्ये आणायचं कुठून?

एक काळजी मात्र घ्यायची. याच काळात लसीकरण पूर्ण झालेलं नसतं. त्यामुळे डॉग पार्क, पेट स्टोअरची जमीन, अनोळखी कुत्री टाळायची. पिल्लाला कडेवर घेऊन स्टेशनबाहेर किंवा शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिलात तरी पुष्कळ.

५. खर्च कोण करतं?

पशुवैद्याचा खर्च संस्था उचलते आणि खाण्यासाठीही मदत देते. तुमचा जातो तो वेळ, पेट्रोल आणि दाराशी काढलेल्या चार-दोन चपला. आपल्या घरांत जोडे दाराशीच असतात, तेव्हा पिल्लू येण्याआधी झाकणाचं कपाट घ्या.

६. आम्ही दोघंही नोकरी करतो आणि अपार्टमेंटमध्ये राहतो. जमेल का?

अपार्टमेंटची अडचण नाही, उलट लिफ्ट आणि कॉरिडॉर पिल्लाला आयतेच मिळतात. मात्र भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या. हे शिकाऊ पिल्लू आहे आणि घरातल्या कुणाच्या अपंगत्वासाठी नाही, त्यामुळे मदतनीस प्राण्याला घराबाबत मिळणारं संरक्षण इथे गृहीत धरू नका.

खरा प्रश्न नोकरीचा आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोनेक तासांनी बाहेर न्यावं लागतं आणि रात्रीही उठावं लागतं. एक जण घरून काम करत असेल, किंवा दुपारी घरी येणारं भरवशाचं माणूस असेल, तर जमतं. दोघंही सकाळी सातची ट्रेन धरून संध्याकाळी सातला परतणार असाल, तर आमचं स्पष्ट मत आहे की आत्ता घेऊ नका. त्याऐवजी इतरांची पिल्लं सुट्टीत सांभाळा (प्रश्न १५ पाहा). तेही तितकंच गरजेचं काम आहे.

७. आम्ही कधी कुत्रा पाळला नाही. घरात लहान मुलं आहेत. चालेल?

चालतं. आधी न पाळलेल्यांना जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. पिल्लं वाढवणाऱ्या कुटुंबांच्या स्थानिक क्लबच्या बैठका होतात, समन्वयक घरी येऊन बघतो, अडलं की फोनवर असतो. शाळकरी मुलं फोर-एचमधून स्वतः जबाबदारी घेऊ शकतात, पण पहाटे पावसात बाहेर जायची वेळ शेवटी आई-वडिलांवर येते, हे मान्य करूनच हो म्हणा. रांगतं बाळ घरात असेल तर वर्षभर थांबलेलं बरं.

८. मराठीत आज्ञा दिल्या तर कुत्र्याला कळतील का?

कळतील, पण देऊ नका. पुढे प्रशिक्षक आणि अंध जोडीदार इंग्रजीत बोलणार आहेत, आणि एकच शब्द सर्वांच्या तोंडी असेल तरच तो पक्का होतो. बाबा 'सिट' म्हणतात, आजी 'खाली बस' म्हणते आणि मुलं 'सिट डाउन' म्हणतात, अशा घरात पिल्लू गोंधळतं, कारण त्याच्यासाठी 'सिट' आणि 'डाउन' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. मोजक्या आज्ञा फ्रिजवर लावून ठेवा. आज्ञा सोडून बाकी गप्पा खुशाल मराठीत मारा.

९. पट्ट्यावर चालताना पिल्लू पुढे ओढतं. पाळीव कुत्र्याच्या क्लासमध्ये तर पायाशी चालायला शिकवतात ना?

तो क्लास यासाठी उपयोगाचा नाही. गाइड डॉग माणसाच्या डावीकडे आणि थोडा पुढे चालतो. हार्नेसच्या दांड्यातून जाणवणाऱ्या हलक्या ओढीवरूनच त्या माणसाला वळण, वेग आणि थांबणं कळतं. म्हणून पिल्लाला डावीकडे ठेवायचं आणि पुढे व्हायला उत्तेजन द्यायचं. खार दिसली म्हणून झेप घेणं किंवा दुसऱ्या कुत्र्याकडे खेचून नेणं वेगळं, ते थांबवायचं. सरळ पुढे, एकाग्रतेने चालणारी ओढ हवी आहे.

१०. शी-शूची सवय कशी लावायची?

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच पट्टा लावून ठरलेल्या जागी न्यायचं, ठरलेला शब्द म्हणायचा आणि काम झालं की कौतुक करायचं. सीइंग आयमध्ये यासाठी 'पार्क' हा शब्द आहे. शब्द ऐकून मोकळं होण्याची सवय हवी, कारण पुढे अंध माणसाला स्वच्छता करण्यासाठी जागा नेमकी माहीत असावी लागते. पट्ट्याशिवाय मागच्या अंगणात सोडून देण्याची सवय लावू नका. घरात चूक झाली तर ओरडू नका, पुसा आणि फेऱ्या वाढवा.

११. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि पिल्लाला पोळी भरवतात. एवढ्याने काय होतं?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि आई-बाबांना वाईट वाटू न देता सांगायचं कसं हेही लोक विचारतात.

आधी कारण सांगतो. गाइड डॉगला उद्या हॉटेलात टेबलाखाली तासभर पडून राहायचं आहे आणि जमिनीवर सांडलेल्या फ्राइजवरून न बघता पुढे जायचं आहे. ताटाजवळ बसलं की काहीतरी मिळतं, हे त्याला एकदा कळलं की ते विसरत नाही. त्यात लॅब्रॅडॉर असेल तर भूक त्याच्या रक्तातच आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. त्यांनी तपासलेल्या पाळीव लॅब्रॅडॉरांमध्ये हा बदल जवळपास चौथ्या हिश्श्यात होता, तर मदतनीस कामासाठी निवडलेल्यांमध्ये सुमारे तीन चतुर्थांशांत. खाऊसाठी झटपट शिकणारा कुत्रा निवडला जातो, आणि तोच हावराही असतो.

दुसरं कारण जिवाशी आहे. शिऱ्यातले बेदाणे, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे आपली जवळपास प्रत्येक भाजी आणि आमटी बाद. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम तर मुळीच नको. यातलं काही पोटात गेलं तर उलटी होण्याची वाट न बघता व्हेटला फोन करा.

आजी-आजोबांना नुसतं 'देऊ नका' सांगून भागत नाही, त्यांना द्यायला काहीतरी लागतं. आमच्याकडे हा उपाय चालतो: दिवसाच्या मोजलेल्या खुराकातले थोडे दाणे एका वाटीत काढून आजोबांकडे द्यायचे. पिल्लाने 'सिट' केलं की त्यांनी तळहातावरून एक दाणा द्यायचा, मात्र जेवणाच्या टेबलापासून दूर. आजोबांचा हात भरवतो, पिल्लूही शिकतं.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. पिल्लालाही शाकाहारी ठेवता येईल का?

नाही. संस्थेने ठरवलेला कोरडा खुराकच द्यावा लागतो आणि त्यात मांस असतं. पिशवी गॅरेजमध्ये ठेवणं, भांडी वेगळी धुणं, हे बऱ्याच घरांत होतं. तेही मनाला पटत नसेल तर अर्ज करण्याआधीच सांगा, त्यात काही कमीपणा नाही.

१३. गणपतीत ढोल-ताशा, चौथ्या जुलैला आणि दिवाळीत फटाके. पिल्लाला मुद्दाम न्यावं की लपवावं?

दोन्ही चूक. 'सवय होईल' म्हणून तीन महिन्यांच्या पिल्लाला पथकासमोर उभं केलं, तर एका दुपारीत कायमची भीती बसू शकते आणि आवाजाला घाबरणारा कुत्रा गाइड डॉग होत नाही. पथकाच्या सरावाच्या दिवशी पार्किंग लॉटच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आवाज नुसता ऐकू येतो, तिथे थांबा. पिल्लू दाणा खातंय, कान सैल आहेत, इकडेतिकडे हुंगतंय, तर चार पावलं पुढे जा. शेपूट पोटाशी गेली, खाणं नाकारलं, धापा टाकू लागलं, तर मागे फिरा. दाणा खातंय की नाही ही सोपी कसोटी आहे, कारण घाबरलेलं पिल्लू बहुधा खात नाही.

फटाक्यांच्या रात्री घरातच ठेवा. पडदे लावा, टीव्ही चालू ठेवा, क्रेटमध्ये (पिल्लाच्या झोपायच्या पिंजऱ्यात) चघळायला खेळणं द्या. संध्याकाळचं 'पार्क' अंधार पडण्याआधी उरकून घ्या. निरांजन, समया, रांगोळी यांच्यासाठी देवघराला बेबी गेट पुरतं.

चार-पाच महिन्यांपासून वर्षापर्यंत कधीतरी ओळखीच्या वस्तूलाही पिल्लू अचानक भुंकतं, कालपर्यंत ज्याकडे लक्षही दिलं नाही तो कचऱ्याचा डबा आज राक्षस होतो. तेव्हा ओढून जवळ नेऊ नका. तुम्ही स्वतः जाऊन डब्याला हात लावा, त्याला त्याच्या चालीने येऊ द्या, आणि समन्वयकाला कळवा.

१४. पिल्लाला दुकानात, ट्रेनमध्ये, विमानात नेता येतं का? आणि मंदिरात?

परवानगी विचारून. एडीए या अपंगांच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्याचा हक्क काम शिकून तयार झालेल्या कुत्र्याला आहे, शिकाऊला नाही. शिकाऊ कुत्र्यांबाबत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. विमानातही तेच: २०२१ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमात फक्त प्रशिक्षित कुत्रा धरला आहे. म्हणून संस्थेने दिलेला व्हेस्ट घालून, व्यवस्थापकाला विचारून, सुरुवातीला दहा मिनिटांसाठी जा. पिल्लू बावरलं किंवा खोड्या करू लागलं तर खरेदी अर्धी टाकून बाहेर पडा. आज दुकानदाराला वाईट अनुभव आला, तर उद्या हक्काने येणाऱ्या अंध माणसाला दारात अडवलं जातं.

मंदिराबाबत लोक हळू आवाजात विचारतात. धार्मिक संस्थांना एडीएच्या या तरतुदी लागू नाहीत, म्हणजे तयार गाइड डॉगलाही मंदिर नाही म्हणू शकतं. पिल्लू तर नेऊच नका. पण तुम्ही विश्वस्त असाल किंवा मंडळाच्या कार्यकारिणीत असाल, तर हा विषय बैठकीत जरूर काढा. डोळे नसलेल्या भक्ताने कुत्रा गाडीत सोडून, कुणाचा तरी दंड धरून आत यावं, ही अपेक्षा आम्हाला बरोबर वाटत नाही. शाळेच्या हॉलमध्ये होणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमांना तर अडचण असायचं कारणच नाही.

१५. डिसेंबरात भारतात जायचं आहे. पिल्लाचं काय?

क्लबमधली दुसरी कुटुंबं सांभाळतात आणि त्याचा पिल्लालाही फायदा होतो, वेगळं घर, वेगळी माणसं. तिकीट काढलं की लगेच कळवा, कारण डिसेंबरात सगळ्यांनाच हवं असतं. पिल्लू भारतात नेता येत नाही.

१६. घरी येणारे पाहुणे एक तर घाबरतात, नाही तर खूप लाड करतात. काय सांगायचं?

भारतातून आलेल्या माणसाने रस्त्यावरची कुत्री आणि रेबीज पाहिलेला असतो, त्याच्या भीतीची थट्टा करू नका. हळदीकुंकवाला किंवा जेवायला माणसं येणार असतील तर पहिला अर्धा तास पिल्लू क्रेटमध्ये, मग पट्ट्यावर तुमच्या पायाशी. लाड करणाऱ्यांसाठी नियम एकच: चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात लावायचा. बाहेर व्हेस्ट घातलेला असताना न विचारता कुणी हात लावत असेल तर सरळ थांबवा.

१७. चेंडू फेकून खेळायला मनाई का?

रस्ता ओलांडताना शेजारच्या मैदानातून चेंडू उसळत आला आणि कुत्रा त्यामागे धावला, तर हार्नेस धरलेला माणूस गाडीखाली जाईल. दोरीने खेळणं किंवा चघळायची खेळणी यांबाबत समन्वयकाला विचारा.

१८. परत गेल्यावर पुढे काय होतं?

तपासण्या होतात आणि मग सुमारे चार महिने प्रशिक्षकाबरोबर मॉरिस्टाउनच्या रस्त्यांवर काम. पायरीच्या कडेला थांबणं, डोक्याला लागेल अशा फांदीला वळसा घालणं, गाडी येत असेल तर 'फॉरवर्ड' म्हटलं तरी न हलणं. सिग्नल कुत्रा वाचत नाही. कधी ओलांडायचं ते माणूस वाहनांच्या आवाजावरून ठरवतो. या काळात पिल्लू वाढवलेल्या कुटुंबाला एकदा बोलावतात आणि तुम्ही लांबून, त्याला वास न लागेल अशा अंतरावरून, त्याला हार्नेसमध्ये काम करताना पाहू शकता. त्यानंतर अंध व्यक्ती संस्थेत तीन-चार आठवडे राहून त्याच्याबरोबर शिकते. पहिल्या कुत्र्यासाठी ती १५० डॉलर भरते, पुढच्या प्रत्येकासाठी ५०, आणि माजी सैनिक असेल तर १.

कुत्रा कुणाकडे गेला हे मात्र तुम्हाला कळत नाही. त्या माणसाने नव्या जोडीदाराबरोबर निवांतपणे रुळावं, कुणाच्या उपकाराखाली राहू नये, म्हणून हा नियम आहे. आम्हाला तो पूर्ण पटतो.

१९. आणि काम जमलं नाही तर?

सगळ्यांना जमत नाही. ॲलर्जी, सांधे, आवाजाची भीती, खारींचं वेड, कारणं अनेक असतात. अशा कुत्र्याला ठेवून घेण्याची पहिली विचारणा वाढवणाऱ्या कुटुंबालाच होते. नको असेल तर पोलीस किंवा इतर कामांसाठी, नाही तर चांगलं घर बघून दिलं जातं. 'आमचं काही चुकलं का' असं विचारणारे फोन येतात. बहुतेक वेळा तुमचं काही चुकलेलं नसतं.

२०. परत देताना त्रास होतोच ना? मुलांना कसं समजवायचं?

होतो. मुलं रडतात, आम्हीही रडलो आहोत. मुलांना शेवटच्या आठवड्यात सांगू नका, पहिल्या दिवसापासून सांगा: हे पिल्लू आपल्याकडे शिकायला आलंय. जमलं तर मुलांना हार्नेसमधला एखादा कुत्रा काम करताना दाखवा, मॉरिस्टाउनच्या फुटपाथवर ते सहज दिसतं. कुत्रा कशासाठी गेला हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलांना समजावत बसावं लागत नाही.

२१. पुण्यातल्या आमच्या अंध काकांसाठी इथून गाइड डॉग पाठवता येईल का?

नाही. सीइंग आय अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्यांनाच कुत्रे देते. तसा पाठवता आला असता तरी मे महिन्यातला डांबरी रस्ता, तुटलेले फुटपाथ आणि आपल्या हद्दीत आलेल्या कुत्र्यावर धावून येणारी भटकी टोळी यांत तो काम करू शकला नसता. शिवाय वर्षानुवर्षं मदतीला येणारा प्रशिक्षक जवळ लागतो. काकांना पांढऱ्या काठीचं रीतसर प्रशिक्षण मिळालं आहे का, हे आधी विचारा. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या, १९५२ पासून काम करणाऱ्या संस्थेकडे त्याची चौकशी करता येईल. चांगली काठी येत असेल तर माणूस पुष्कळ फिरतो, आणि इथेही गाइड डॉग मागणाऱ्याला आधी स्वतःचा रस्ता माहीत असावा लागतो.

२२. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. नोकरी गेली आणि साठ दिवसांत देश सोडावा लागला तर?

त्याच दिवशी समन्वयकाला सांगा. पिल्लू पहिल्यापासून शेवटपर्यंत संस्थेच्याच मालकीचं असतं, त्यामुळे ते दुसऱ्या कुटुंबाकडे जाईल आणि त्याचं शिक्षण पुढे चालू राहील. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. जाताना एक कागद लिहून द्या: काय खातं, किती वाजता बाहेर जातं, कोणत्या आवाजाला बिचकतं, कुठल्या आज्ञा पक्क्या आहेत. नव्या घराला त्या कागदाचा सर्वात जास्त उपयोग होतो.